लीशमॅनियासिस : ऊतींची हानी आणि शरीराचा प्रतिकार

लीशमॅनिया या एकपेशीय परजीवीमुळे होणाऱ्या रोगांचा गट. त्वचेचा, नाक-घशाच्या आतील अस्तराचा आणि अंतर्गत अवयवांचा असे त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. शेवटचा प्रकार भारतात काळा आजार या नावाने ओळखला जातो. माणसाला रोगी करणाऱ्या लीशमॅनियाच्या वीसहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी कोणती जात शरीरात शिरली यावर रोगाचे रूप ठरतेच, पण शरीर तिला कसे तोंड देते यावरही ते तितकेच ठरते. हा परजीवी विष ओकत नाही की मांस कुरतडत नाही. रोग्याच्या अंगावर जी पडझड दिसते, तिचा बराच मोठा भाग त्याच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेने केलेला असतो.

परजीवी अंगात शिरतो तो वाळूमाशीच्या चाव्यातून. दोन-तीन मिलिमीटर लांबीची, आवाज न करता टुणटुणत उडणारी ही माशी विदर्भात मेंदूज्वर करणाऱ्या चांदिपुरा विषाणूमुळे बदनाम आहे. काळा आजार पसरवणारी भारतातील जात म्हणजे फ्लेबोटोमस अर्जेंटिपस. डासासारखी सुई रक्तवाहिनीत न खुपसता ती कातडी फाडते आणि साचलेले रक्त पिते. त्या इवल्याशा जखमेकडे सर्वांत आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावतात आणि शेपटीवाले परजीवी गिळतात. जंतू मारण्यात पटाईत असलेल्या या पेशी इथे फारशा कामी येत नाहीत. पुढे न्यूट्रोफिल मरतात, त्यांचे अवशेष आणि मोकळे परजीवी महाभक्षी पेशी गिळतात, आणि परजीवी आपल्या मुक्कामी पोहोचतो.

महाभक्षी पेशीचे कामच मुळी आलेला जंतू गिळून आम्लाने आणि विकरांनी पचवणे. लीशमॅनिया तिथे शेपटी टाकून गोल होतो, त्याच आम्लात रमतो आणि दुपटीने वाढत जातो. पहारेकऱ्याच्या खोलीतच चोराने बिऱ्हाड थाटावे तसे हे आहे. त्याला मारायचे तर टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींनी, इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडून महाभक्षी पेशीला चेतवावे लागते. मग ती नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि आतला परजीवी मरतो. प्रतिपिंडांचा इथे फारसा उपयोग नाही, कारण ती पेशीच्या आत पोहोचत नाहीत.

प्रयोगशाळेतल्या उंदरांनी ही गोष्ट फार स्पष्ट करून दाखवली. लीशमॅनिया मेजर टोचल्यावर एका वंशाचे उंदीर आपोआप बरे होतात, दुसऱ्या वंशाचे मरतात. पहिल्यांत इंटरफेरॉन-गॅमा सोडणाऱ्या टी-एच-१ पेशी वरचढ असतात, दुसऱ्यांत इंटरल्युकिन-४ सोडणाऱ्या टी-एच-२. १९८० च्या दशकाअखेरीस आलेला हा निष्कर्ष प्रतिकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. माणसाच्या बाबतीत मात्र तो जसाच्या तसा लावता येत नाही, आणि खरी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

त्वचेच्या प्रकारात चाव्याच्या जागी आधी पुटकुळी येते, ती वाढते, मधोमध फुटते आणि उंच कडांचे क्षत तयार होते. भारतात हे क्षत राजस्थानात, विशेषतः बिकानेरकडे, दिसते. नवल असे की क्षत जितके जुने, तितके त्यात परजीवी कमी. कातडी मरते ती मुख्यतः तिथे जमलेल्या पेशींमुळे. मारक टी-पेशी बाधित पेशींना भोके पाडून ठार करतात, पण त्यामुळे आतला परजीवी मरत नाही. मेलेल्या पेशींच्या कचऱ्याने दाह आणखी भडकतो, त्याने नव्या पेशी ओढल्या जातात. बहुतेक क्षते काही महिन्यांत भरून येतात, मागे खोलगट डाग राहतो. एकदा बरा झालेला माणूस त्या जातीपासून बहुधा आयुष्यभर सुरक्षित राहतो. मध्य आशिया आणि मध्यपूर्वेत मुलांच्या झाकल्या जाणाऱ्या अंगावर जिवंत परजीवी मुद्दाम टोचण्याची रीत यातूनच आली. चेहऱ्यावर डाग पडण्यापेक्षा तो तिथे पडलेला बरा, हा हिशेब.

दक्षिण अमेरिकेत लीशमॅनिया ब्राझिलिएन्सिसने झालेले क्षत भरून आल्यावर काही महिन्यांनी, कधी अनेक वर्षांनी, काही रोग्यांच्या नाकात रोग पुन्हा डोके वर काढतो. तिथे याला एस्पुंडिया म्हणतात. नाकाच्या पडद्याला भोक पडते, मग वरचा ओठ, टाळू, घसा असे चरत जाते. त्या ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर परजीवी शोधूनही सापडत नाही. दिसतो तो टी-पेशींचा तुंबळ जमाव. इंटरफेरॉन-गॅमा भरपूर, दाह भडकवणारे टीएनएफ हे रसायन भरपूर, आणि या दोघांना आवर घालणारे इंटरल्युकिन-१० अपुरे. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते असे. म्हणून ब्राझीलमध्ये अँटिमनीच्या औषधाबरोबर टीएनएफ दाबणारे पेन्टॉक्सिफायलिन देऊन पाहिले गेले आणि जखमा लवकर भरल्या.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पसरट त्वचारोग आहे. त्यात शरीर परजीवीला ओळखतच नाही. अंगभर गाठी उठतात, त्या परजीवींनी खचाखच भरलेल्या असतात, पण फुटत नाहीत. कुष्ठरोग पाहिलेल्या डॉक्टरला हे चित्र नवे वाटणार नाही. तिथेही जंतूंनी भरलेले एक टोक आणि जंतू जवळपास नसलेले दुसरे टोक असतेच.

काळ्या आजारात परजीवी पाणथरी, यकृत आणि अस्थिमज्जेत पसरतो. विल्यम लीशमन आणि मद्रासमधील चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये वर्णन केलेले परजीवी पाणथरीतलेच होते. रोग्याला महिनोन्महिने ताप राहतो, शरीर सुकते, पोट मात्र फुगते. पाणथरी बेंबीच्या खाली उतरू शकते. तिच्यातील लसीका पेशींची रचना, जिथे प्रतिकाराची जुळवाजुळव होते, ती मोडते. रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात. निरुपयोगी प्रतिपिंडांचा मात्र पूर येतो, आणि प्रतिजनाशी (परजीवीच्या अंशांशी) जुळलेले त्यांचे पुंजके मूत्रपिंडात अडकून तिथेही इजा करतात. उंदरांचा धडा इथे अपुरा पडतो, कारण या रोग्यांच्या रक्तात इंटरफेरॉन-गॅमा कमी नसतो, उलट वाढलेला असतो. त्याच्यासोबत वाढलेले इंटरल्युकिन-१० महाभक्षी पेशींना तो संदेश ऐकूच देत नाही. मेलेले परजीवी कातडीत टोचून टी-पेशी त्यांना ओळखतात का हे पाहणारी लीशमॅनिन त्वचाचाचणी आजार चालू असताना निगेटिव्ह येते, बरे झाल्यावर पॉझिटिव्ह होते. उपचार न झालेला रोगी बहुधा न्यूमोनिया, आमांश किंवा क्षय अशा दुसऱ्याच संसर्गाने, नाहीतर रक्तस्रावाने दगावतो. परजीवी अंगात शिरलेल्या बहुसंख्य लोकांना मात्र काहीच होत नाही. त्यांच्यात तो लपून राहतो आणि एचआयव्हीने टी-पेशी घटल्या की वर येतो.

बरा झालेला काळा आजारही कधी कधी कातडीवर परततो. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात त्याचे वर्णन केले. भारतात सुमारे ५ ते १० टक्के रोग्यांत, बहुधा दोन-तीन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा, चेहऱ्यावर आणि अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी येतात. सुदानमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते, चट्टे काही महिन्यांतच दिसतात आणि बरेचदा आपोआप जातात. पोटातून हुसकावलेल्या परजीवीला परतलेल्या टी-पेशी कातडीत गाठतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. चट्टे कुष्ठरोगासारखे दिसतात, म्हणून चूक होते. पण यात चट्ट्यावरची संवेदना शाबूत असते. माणूस एरवी ठणठणीत असल्याने दवाखान्यात जात नाही, आणि त्याच्या कातडीतले परजीवी वाळूमाशीला मिळत राहतात. भारतात अशा रोग्याला मिल्टेफोसिन हे पोटात घ्यायचे औषध १२ आठवडे देतात.