मानवी पॅपिलोमा विषाणू : त्वचापेशीतील प्रतिकृती आणि जनुकनियमन

हातापायांवर चामखीळ उठवणाऱ्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूंचा गट. याला थोडक्यात एचपीव्ही म्हणतात. याचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत. १ आणि २ हे प्रकार प्रामुख्याने त्वचेवर चामखीळ आणतात. १६ आणि १८ हे कर्करोगाशी निगडित आहेत. रेणवीय संशोधन सर्वाधिक प्रकार १६ वर झाल्याने पुढील आकडे त्याचे आहेत.

विषाणूचा कण सुमारे ५५ नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याचे कवच एल१ प्रथिनाच्या ७२ पंचकांचे असून आत ७,९०६ बेसजोड्यांचा वर्तुळाकार डीएनए असतो. एवढ्याशा संचात डीएनएची नक्कल करणारे पॉलिमरेज बसत नाही, ते पेशीकडूनच घ्यावे लागते. अडचण अशी, की त्वचेची पेशी तळचा थर सोडून वर सरकली की तिचे विभाजन थांबते आणि नकलेची यंत्रणाही बंद होते. विषाणूला तर नवे कण वरच्याच थरांत तयार करायचे असतात. त्याचे सारे जनुकनियमन हा पेच सोडवण्यासाठी घडलेले आहे.

बारीक खरचटले की विषाणू तळच्या थरापर्यंत पोहोचतो. तेथील पेशीत तो शिरला, तरी त्याचा डीएनए केंद्रकात जाण्यासाठी पेशीला एकदा विभागावे लागते, कारण विभाजनात केंद्रकाचे आवरण विरघळते. न विभागणाऱ्या पेशीत संसर्ग तिथेच अडतो.

नक्कल विषाणूच्याच ई१ आणि ई२ या दोन प्रथिनांनी सुरू होते. ई१ हे डीएनएचे पदर उलगडणारे हेलिकेज आहे, पण नेमकी जागा त्याला एकट्याने नीट सापडत नाही. ई२ त्याला हाताला धरून आरंभस्थानी नेते आणि स्वतः बाजूला होते. तेथे ई१ च्या सहा-सहा रेणूंची दोन कडी बनतात आणि विरुद्ध दिशांना पदर सोडवत जातात. पुढचे काम पेशीचे पॉलिमरेज करते. शेवटी एकमेकींत अडकलेली दोन वर्तुळे टोपोआयसोमरेज वेगळी करते. ई१ फार झाले तर पेशीच्याच डीएनएला इजा होते, म्हणून त्याचे प्रमाण कमी राखलेले असते.

पहिल्या काही फेऱ्यांत दर पेशीमागे साधारण ५० ते १०० प्रती होतात. मग पेशी विभागेल तशा त्याही दुप्पट होतात. विभाजनात त्या मागे राहू नयेत म्हणून ई२ त्यांना पेशीच्या बीआरडी४ सारख्या प्रथिनांच्या आधाराने गुणसूत्रांना बांधून ठेवते. वरच्या थरांत मात्र प्रती हजारोंवर जातात. तिथे विषाणूचे ई७ प्रथिन पेशीच्या विभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करून नकलेची यंत्रणा पुन्हा चालू ठेवते. अशा पेशीला पी५३ या तिच्याच रखवालदार प्रथिनाने मृत्यूकडे नेऊ नये म्हणून प्रकार १६ चे ई६ पी५३ नष्ट करवते.

सर्व जनुके डीएनएच्या एकाच पदरावर वाचली जातात. तळच्या थरात पी९७ हा प्रवर्तक, म्हणजे जनुकांचे वाचन सुरू करून देणारा डीएनएचा तुकडा, चालतो. नाव वाचनाच्या आरंभस्थानावरून पडले आहे. त्याचे संदेश (जनुकांच्या आरएनए नकला) ई५ जनुकानंतरच्या थांब्याशी तुटतात, त्यामुळे पलीकडची एल२ आणि एल१ ही कवचजनुके वाचलीच जात नाहीत. पेशी पक्व होऊ लागली की ई७ जनुकाच्या आतच असलेला पी६७० हा दुसरा प्रवर्तक जागा होतो. आधी ई४ प्रथिनाचा साठा होतो, मग संदेश पहिला थांबा ओलांडतात आणि अगदी वर कवच बनते. रोगप्रतिकारक पेशींना सहज दिसणारी ही प्रथिने त्यांच्या पोहोचीपासून लांब ठेवण्याची ही व्यवस्था मला या जीवनक्रमातली सर्वांत कुशल बाब वाटते.

पेशी फोडून विषाणू बाहेर पडत नाही. मृत खपल्यांबरोबर झडतो. संसर्गापासून इथवर किमान तीनेक आठवडे लागतात. तळपायाची चामखीळ पात्याने तासली की काळे ठिपके दिसतात. त्या रक्त साकळलेल्या केशवाहिन्या असतात. विषाणू त्या तासलेल्या भुशात असतो, म्हणून पाय घासायची वजरी दुसऱ्याला देऊ नये.

कर्करोगाकडे नेणारा बिघाड होतो तो विषाणूचे वर्तुळ तुटून पेशीच्या गुणसूत्रात शिरल्यावर. तुटलेली जागा बहुधा ई१–ई२ च्या भागात असते. पुरेसे ई२ असले की ते पी९७ लगत बसून त्याला आवर घालते. तो लगाम गेला की ई६ आणि ई७ सतत बनत राहतात. यात विषाणूचाही लाभ नाही, कारण अशा पेशीतून नवे कण निघत नाहीत.

साध्या काचपात्रात पेशींना थर नसतात, म्हणून तिथे हा जीवनक्रम पुरा होत नाही. त्यासाठी पेशी कोलॅजनच्या पायावर, हवेच्या संपर्कात वाढवून त्वचेसारखे थर उभे करतात. लशीसाठी वाट वेगळी निघाली : एकटे एल१ यीस्टमध्ये बनवले तरी त्याची पोकळ कवचे आपोआप जुळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची प्रकार ६, ११, १६ आणि १८ वरील लसही अशाच कवचांची आहे. तळच्या पेशींत आधीच ठाण मांडलेल्या विषाणूवर तिचा इलाज चालत नाही, कारण त्या पेशींत एल१ नसतेच. म्हणून ती संसर्गाआधीच घ्यायची असते.