नाइनपी की व्हर्टिओएफएस: शेअर केलेल्या फोल्डरची यादी तपासताना

व्हर्च्युअल मशीनमध्ये शिरायचं, एलएस (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारायचं, फायली दिसल्या की शेअर केलेलं फोल्डर चालतंय असं म्हणून मोकळं व्हायचं, ही सर्रास पद्धत आहे. त्या फोल्डरमागे नाइनपी आहे की व्हर्टिओएफएस, असं विचारलं की उत्तर बरेचदा अंदाजानेच येतं. गोंधळाला कारणही आहे. दोन्ही क्यूइमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर वापरतात, दोन्हींत होस्टवरचं (खऱ्या मशीनवरचं) एक फोल्डर गेस्टला (आतल्या व्हर्च्युअल मशीनला) मिळतं, दोन्ही एका टॅगच्या नावाने माउंट होतात आणि दोन्हींची ये-जा व्हर्टिओ या गेस्ट-होस्ट देवाणघेवाणीच्या पद्धतीच्याच रांगांमधून होते. चांगल्या दिवशी एलएसचं उत्तरही तेच येतं. बिघडतात मात्र दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, त्यामुळे एकासाठी लिहिलेली चाचणी दुसऱ्यावर पास झाली तर त्यातून फारसं काही कळत नाही.

नाइनपी हा प्रोटोकॉल बेल लॅब्सच्या प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टममधून आला. लिनक्सवर त्याचं ९पी२०००.एल हे रूप चालतं आणि त्याचा सर्व्हर क्यूइमूच्याच प्रोसेसमध्ये असतो. व्हर्टिओएफएस म्हणजे फ्यूजचे (साध्या प्रोग्रॅमकडून फाइल सिस्टम चालवण्याच्या लिनक्सच्या सोयीचे) संदेश व्हर्टिओच्या रांगेतून पाठवणं. ते २०१९ मध्ये लिनक्स ५.४ मध्ये आलं आणि त्याचा सर्व्हर, म्हणजे व्हर्टिओएफएसडी, ही वेगळी प्रोसेस असते. पूर्वी क्यूइमूबरोबर येणारा सी भाषेतला सर्व्हर ८.० आवृत्तीत काढून टाकला, आता रस्टमधला वापरतात. ही वेगळी प्रोसेस गेस्टची मेमरी थेट वाचते, म्हणून मशीनची मेमरी शेअर्ड ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर व्हर्टिओएफएस चालतच नाही. नाइनपीला ही अट नाही.

आपल्याकडे कोणतं आहे ते गेस्टमध्ये प्रॉक-माउंट्स वाचून, तिथल्या प्रकाराच्या रकान्यात पाहायचं. लिबव्हर्टच्या (मशीनची मांडणी सांभाळणाऱ्या साधनाच्या) एक्सएमएलवर नुसती नजर टाकून ठरवू नका. तिथे ड्रायव्हरचा प्रकार लिहिला नसेल तर नाइनपी मिळतं, आणि लिहिणाऱ्याला मात्र आपण नवीन काहीतरी वापरतोय असं वाटत असतं. गेस्ट रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या घराण्यातला असेल तर उलट अडचण येते. त्या कर्नलमध्ये नाइनपीचं मॉड्यूलच नसतं, त्यामुळे माउंट करताना ‘अनोळखी फाइल सिस्टम’ अशी चूक येते.

आता मुख्य मुद्दा. फोल्डरची यादी म्हणजे एकच काम वाटतं, पण त्यात दोन कामं असतात. एक, नावं आणणं. दोन, प्रत्येक नावाचा आकार, तारीख, मालक हा तपशील आणणं. साध्या एलएसला पहिलं पुरतं, एलएस -एल ला दोन्ही लागतात. नाइनपी ही कामं वेगळीच ठेवतो, तर व्हर्टिओएफएस जमेल तिथे एकत्र करतो. पुढचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

आधी नावं. ती एका दमात येत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी येतात. नाइनपीत एका नोंदीला क्यूआयडीचे (फाइलची ओळख) १३, ऑफसेटचे (यादीतली जागा) ८, प्रकाराचा १ आणि नावाच्या लांबीचे २, असे २४ बाइट लागतात, त्यावर नावाचे बाइट. फ्यूजच्या साध्या यादीतही एका नोंदीचा मथळा २४ बाइटचाच असतो, पण पूर्ण नोंद ८ च्या पटीत भरून काढतात. तपशिलासह येणाऱ्या रीडडिरप्लसमध्ये त्यावर आणखी १२८ बाइट चढतात.

मराठी नावांनी हा हिशोब चटकन बदलतो, म्हणून चाचणीचं फोल्डर ‘फाइल१, फाइल२’ने भरण्यापेक्षा मुंबईच्या स्टेशनांनी भरावं. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, ३ बाइट घेतं. ‘दादर’चे १२ बाइट होतात, ‘मुंबई सेंट्रल’चे मधली मोकळी जागा धरून ३७ आणि ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’चे ८१. म्हणजे नाइनपीत दादरची नोंद ३६ बाइटची आणि टर्मिनसची १०५ ची. फ्यूजमध्ये टर्मिनस साध्या यादीत ११२ बाइट घेतं, तपशिलासह २४०. फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट असल्यामुळे देवनागरीत ती ८५ चिन्हांवर संपते, तेव्हा नेमकं ८५ चिन्हांचं एक नाव आणि ८६ चिन्हांचं एक नाव करून पाहायलाच हवं. दुसरं ‘नाव फार लांब’ म्हणून नाकारलं गेलं पाहिजे.

तुकडा केवढा? नाइनपीत तो माउंट करताना दिलेल्या एमसाइजवर (एका संदेशाच्या कमाल आकारावर) ठरतो. लिनक्स ५.१५ च्या आधी न सांगता ८१९२ बाइट मिळायचे, त्यानंतर १२८ केआयबी. व्हर्टिओवरून वरची हद्द सुमारे ५०० केआयबी. ८१९२ मध्ये दादरएवढ्या नावाच्या फार तर सव्वादोनशे नोंदी मावतात, १२८ केआयबीत साडेतीन हजारांवर. व्हर्टिओएफएसला एमसाइज हा पर्यायच नाही. तिथे गेस्टचं कर्नल बराच काळ एकेक पान, म्हणजे ४०९६ बाइट, मागत आलं. टर्मिनसएवढी नावं तपशिलासह मागितली तर एका पानात १७ मावतात. नाइनपीवरचा ‘एमसाइज वाढवा’ हा सल्ला व्हर्टिओएफएसच्या माउंटवर चिकटवणारे दिसतात, तिथे हा पर्याय अनोळखी ठरतो आणि माउंटच होत नाही.

तुकडा संपतो तिथेच चुका लपतात: शेवटचं नाव पुढच्या तुकड्यात पुन्हा येतं किंवा दोन्हींतून गळतं. क्यूइमूच्या स्वतःच्या नाइनपी चाचण्यांमध्ये म्हणूनच १०० फायलींचं बनावट फोल्डर ५१२, २५६ आणि १२८ बाइटच्या तुकड्यांनी वाचतात. टिंब आणि दोन टिंबं (फोल्डर स्वतः आणि त्याच्या वरचं फोल्डर) धरून १०२ नोंदी आल्या पाहिजेत. तिथली नावं छोटी आहेत, म्हणून १२८ पुरतात. टर्मिनस असतं तर १२८ मध्ये एकच नोंद मावली असती, आणि १०० बाइट मागितले असते तर एकही नाही. प्रोटोकॉलच्या पातळीवर शून्य बाइटचं उत्तर म्हणजे ‘यादी संपली’. चूक येत नाही, यादी गुपचूप तोकडी होते. लिनक्स गेस्टमधून असं घडत नाही, कारण ४०९६ पेक्षा कमी एमसाइज क्यूइमू घेत नाही. प्रोटोकॉलची चाचणी स्वतः लिहिणाऱ्याने मात्र २५५ बाइटच्या नावाला २७९ बाइट लागतात हे धरूनच आकडे निवडावेत.

तपासताना एलएसच्या छापलेल्या यादीवर विसंबू नये. ते नावं क्रमाने लावतं, त्यामुळे मूळ क्रम दिसत नाही आणि दोनदा आलेलं नाव डोळ्यांतून सुटतं. होस्टवर आणि गेस्टमध्ये फाइंडने नुसती नावं काढावीत, दोन्हीकडे लोकॅल ‘सी’ ठेवून सॉर्ट करावीत आणि डिफने ताडावीत. गेस्टची यादी दोनदा आलेल्या ओळी दाखवणाऱ्या युनिक -डी मधूनही काढावी, तिथे एकही ओळ येता कामा नये. फोल्डर रिकामं, एका फाइलचं, १०० चं, १०,००० चं आणि १ लाखाचं, असे पाच आकार पुरतात. क्रम कोणता असावा याची अपेक्षा मात्र ठेवू नये. होस्टवर ईएक्सटी४ असेल तर तो हॅशचा असतो आणि ऑफसेट हा फक्त खुणेचा आकडा असतो, १, २, ३ असा चढत जाणारा नव्हे. दहा नोंदी वाचून टेलडिरने खूण घ्यायची, उरलेली यादी वाचायची, सीकडिरने मागे येऊन ती पुन्हा वाचायची, आणि दोन्ही वेळा सारखी येते का ते पाहायचं.

मराठी नावांचा आणखी एक सापळा आहे. ‘दुसऱ्या’ हे नाव एका कीबोर्डवरून ऱ वापरून २१ बाइटचं होतं, तर दुसऱ्यावरून र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह मिळून २४ चं. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं. लिनक्स होस्टवर या दोन वेगळ्या फायली आहेत आणि गेस्टमध्येही दोन्ही दिसल्या पाहिजेत. इथे ‘नाव दोनदा आलं’ अशी तक्रार नोंदवण्याआधी बाइट मोजावेत.

आता तपशील. एलएस -एल साठी नाइनपीला प्रत्येक फाइलमागे दोन हाका माराव्या लागतात: तिच्यापर्यंत पोहोचण्याची (वॉक) आणि गुणधर्म विचारण्याची. १ लाख फायलींना किमान २ लाख फेऱ्या झाल्या, शिवाय एलएस विस्तारित गुणधर्म तपासू लागलं की आणखी. व्हर्टिओएफएसमध्ये रीडडिरप्लस हे नावांबरोबरच आणतो. पण नेहमी नाही: रीडडिरप्लसच्या ‘ऑटो’ पद्धतीत पहिला तुकडा तपशिलासह येतो, पुढचे तुकडे गेस्टने त्या तपशिलाचा उपयोग केला तरच तसे येतात. रस्टच्या सर्व्हरला कॅश ‘नेव्हर’ दिला की रीडडिरप्लसही बंद होतं. त्यामुळे दोघांच्या वेगाची तुलना करताना साधं एलएस आणि एलएस -एल वेगळं मोजावं, आणि दर वेळी होस्ट व गेस्ट दोन्हीकडचा कॅश रिकामा करून. फक्त गेस्टमधला रिकामा करणं अर्धवट आहे.

या सोयीची किंमत होस्ट मोजतो. गेस्टने पाहिलेल्या प्रत्येक फाइलसाठी व्हर्टिओएफएसडी एक डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) उघडा ठेवतो. मोठं फोल्डर तपशिलासह यादीला लावलं की होस्टवर ‘खूप फायली उघड्या’ अशी चूक येऊ शकते. तेव्हा त्याची आरलिमिट-नोफाइल मर्यादा पाहावी, किंवा इनोड-फाइल-हँडल्स ‘प्रिफर’ करून पाहावं.

कॅशमध्ये तर हे दोघे उलट वागतात. नाइनपीला कॅश ‘लूज’ दिला तरी नावांची यादी दर वेळी सर्व्हरकडूनच येते, जुना राहतो तो तपशील. होस्टवर फाइल पुसली की यादीतून नाव जातं, पण गेस्टने ती आधी पाहिली असेल तर नाव घेऊन एलएस -एल केल्यावर जुना आकार दिसू शकतो. व्हर्टिओएफएसच्या कॅश ‘ऑटो’त तपशील १ सेकंदापर्यंत जुना असू शकतो, आणि ‘ऑल्वेज’मध्ये खुद्द नावांची यादीच कॅशमधून येऊ शकते. होस्टवर फाइल करून गेस्टमध्ये लगेच शोधणारी चाचणी कधी पास, कधी नापास होत असेल तर आधी ही सेटिंग वाचावी. चाचणीत १० सेकंदांची झोप घालून ती हिरवी करणं म्हणजे दोष झाकणं.

इनोडची (फाइल सिस्टमने फाइलला दिलेल्या क्रमांकाची) गंमत दाखवायला दादर उत्तम आहे, कारण ते पश्चिम मार्गावरही आहे आणि मध्यवरही. होस्टवर दोन नव्या ईएक्सटी४ इमेज ‘पश्चिम’ आणि ‘मध्य’ या फोल्डरांवर माउंट करा आणि दोन्हींत पहिली फाइल ‘दादर’ नावाची करा. नव्या ईएक्सटी४ मध्ये लॉस्ट-अँड-फाउंड ११ क्रमांकावर असतं, म्हणून दोन्ही दादरांना त्यापुढचा, पण सारखाच क्रमांक मिळतो. आता वरचं फोल्डर शेअर करा. नाइनपीत फाइलची ओळख त्याच क्रमांकावरून ठरते, त्यामुळे मल्टिडेव्ह्स ‘रिमॅप’ न ठेवल्यास गेस्टला दोन्ही एकच वाटू शकतात. ‘वॉर्न’ ही सेटिंग फक्त इशारा छापते. व्हर्टिओएफएसडी डिव्हाइसही लक्षात ठेवतो, म्हणून फायलींची सरमिसळ होत नाही. पण अनाउन्स-सबमाउंट्स बंद असेल तर गेस्टमध्ये डिव्हाइस आणि इनोड दोन्ही सारखे दिसतात, आणि त्यावर विसंबणारे प्रोग्रॅम फसतात.

नाइनपीच्या सुरक्षा-मॉडेलचं (गेस्टच्या मालकी-परवानग्या होस्टवर कशा ठेवायच्या त्या सेटिंगचं) एवढंच: ‘मॅप्ड-फाइल’मध्ये होस्टवरच्या फोल्डरांमध्ये डॉट-व्हर्टएफएस-मेटाडेटा नावाचं जास्तीचं फोल्डर तयार होतं, जे गेस्टला मुद्दाम दाखवलं जात नाही. वरच्या डिफमधून ते वगळावं लागतं. दोन्ही मॅप्ड प्रकारांत गेस्टने केलेली सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) होस्टवर साधी फाइल म्हणून दिसते आणि यादीत नोंदीचा प्रकार ‘अज्ञात’ येतो, म्हणून फाइंड -टाइप ला प्रत्येक नावामागे वेगळी चौकशी करावी लागते. प्रोग्रॅमने कर्नलला मारलेल्या हाका दाखवणाऱ्या एस्ट्रेसमध्ये स्टॅटच्या हाका फायलींइतक्या दिसल्या तर दोष शोधत बसू नका, आधी हे मॉडेल कोणतं ते बघा.