हरिश्चंद्रगड परिसरातील जबाबदार दुर्गभ्रमण

गडावरचे पाणी, झाडोरा, वास्तू आणि पायथ्याच्या गावांचे जगणे यांना झळ न लावता केलेली डोंगरभटकंती म्हणजे जबाबदार दुर्गभ्रमण. सह्याद्रीत त्याची सर्वाधिक निकड जिथे भासते, त्यात अकोले तालुक्यातील (जि. अहिल्यानगर) हरिश्चंद्रगड येतो. सुमारे १,४२४ मीटर उंचीचा हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. भोवतालच्या गावांत आणि पाड्यांत प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे.

इथला कळीचा प्रश्न पाण्याचा आहे. पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी कातळावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात याच डोंगराळ भागातल्या बायांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते. गडावर उरते ते कातळात कोरलेल्या टाक्यांतले. तेच पिण्याचे, तेच स्वयंपाकाचे. अशा टाक्यात कुणी पोहले, साबण लावला किंवा खरकटी भांडी बुडवली, तर साठलेले पाणी पुढच्या पावसापर्यंत स्वच्छ होत नाही. म्हणून पाणी भांड्याने काढून घ्यायचे, धुणेभांडी टाक्यापासून लांब करायची आणि शौचासाठी टाके व ओढा यांपासून दूर जाऊन खड्डा खणायचा, हे नियम इथे सर्वांत आधी येतात. हरिश्चंद्रेश्वर मंदिराजवळची पुष्करणी आणि केदारेश्वराच्या लेण्यातली, पाण्यात उभी असलेली पिंडी ही श्रद्धास्थाने आहेत. त्यांना जलक्रीडेची जागा समजणे गावकऱ्यांच्या मनाला लागते आणि ते लागायलाच हवे.

पावसाळी गर्दी नेमकी भाताच्या आवणीच्या, म्हणजे रोपलावणीच्या, दिवसांत येते. खाचरांच्या बांधांवरून रांगेने माणसे चालली की बांध खचतो, पाणी निसटते आणि रोप उघडे पडते. वाट लांबची असली तरी पायवाट सोडू नये, हे त्यासाठी. शेकोटीसाठी कारवीची झुडपे तोडणेही असेच महाग पडते. कारवी साधारण सात वर्षांनी फुलते, आणि तिच्या काटक्यांवर इथल्या कुडाच्या भिंती उभ्या राहतात.

मे अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत याच अभयारण्याच्या परिसरातल्या भंडारदरा, घाटघर, रतनवाडी भागात काजवे पाहायला झुंबड उडते. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर नर चमकून मादीला खुणावतो. गाड्यांच्या दिव्यांत आणि विजेरीच्या झोतात ही खूण हरवते. झाडाखालच्या गवतात शिरणाऱ्या पावलांखाली काजवे आणि त्यांच्या अळ्या चिरडल्या जातात.

पैशाचाही हिशेब आहे. पुण्या-मुंबईहून शिधा, तंबू आणि वाटाड्या घेऊनच आलेला गट गावात कचऱ्याखेरीज फारसे काही ठेवत नाही. पायथ्याच्या पाचनई किंवा खिरेश्वर गावातल्या घरात पिठलं-भाकरी खाल्ली, मुक्काम केला, गावचा वाटाड्या घेतला, तर मोबदला थेट त्या घरात जातो. घरात राहताना आवाज, मद्य, आणि न विचारता काढलेले फोटो या बाबतीत यजमानाचा शब्द अखेरचा मानावा. वाटाड्याचा उपयोग रस्त्यापुरताच नसतो: धुक्यात कोकणकड्याची, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्याची, धार कुठे संपते आणि आग्या मोहोळे कोणत्या कपारीत आहेत, हे त्याला ठाऊक असते. मोहोळाखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा, असे तो चढणीआधीच सांगतो.