पडदा हिरवा झाला, पण जीप सरळ झाली का?

पाऊस ओसरायला लागला की पुण्यातल्या टायरवाल्यांकडे चिखलाने माखलेल्या जुन्या जीप आणि जिप्सी दिसू लागतात. ताम्हिणी, मुळशी, वेल्हे इकडचे दगड-ओढे तुडवून आलेल्या या गाड्यांच्या तक्रारी ठरलेल्या: डावीकडे ओढते, सरळ रस्त्यावरही सारखी सावरावी लागते, पन्नासच्या पुढे पुढचा भाग थरथरतो. उपायही ठरलेला. कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करायची, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचे, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले की छापील कागद घेऊन निघायचं. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत तक्रार पुन्हा हजर.

कुणी मग बंपरला लिंबू-मिरची बांधतो. ती निदान स्वस्त तरी असते. नायट्रोजन भरला की गाडी सरळ चालेल, असं सांगणारा त्याहून जास्त पैसे घेतो. टायरमधल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे तो सांगत नाही.

घोळ मुळात वेगळ्याच ठिकाणी आहे. आजच्या बहुतेक मोटारींत पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे टांगलेलं असतं आणि अलाइनमेंटची सगळी पद्धत त्या रचनेभोवती बेतलेली आहे. जुन्या जीपला आणि जिप्सीला पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल असतो, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला. चाक समोरून पाहताना किती कललेलं दिसतं तो कॅम्बर. तो इथे कारखान्यातच कायमचा ठरलेला असतो, फिरवायला बोल्टच नाही. तो लाल दिसला तर किंगपिनची, म्हणजे वळताना चाक ज्या खुंटीभोवती फिरतं तिची, बेअरिंग गेली आहेत, हब (चाकाचा मधला भाग) सैल आहे किंवा अ‍ॅक्सल वाकलाय. पान्याने जुळवता येतो तो फक्त टो.

दोन्ही चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा किती कमी, हा झाला टो-इन. महिंद्रने १९४७ पासून भारतात ज्या विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्यांची पूर्वज म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप. तिला तो ३/६४ ते ३/३२ इंच सांगितला होता, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? हिशेब करू. ७० सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर टो १० मिलिमीटरने चुकला तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ५ येतात, म्हणजे १४० ला १ असा तिरकेपणा. दर किलोमीटरमागे टायर ७ मीटर आडवा घासला जातो. सातारा गाठेपर्यंत पाऊण किलोमीटर! टायरवरून एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखं बोचतं, ते यामुळेच.

हा टो मोजायला कॉम्प्युटर लागतोच असं नाही. जुने मिस्त्री पुढची चाकं जॅकवर उचलतात, चाक हाताने गरगर फिरवत टायरच्या मधोमध खडू धरतात आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढतात. चाक फिरत असताना रेघ उमटल्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी मोजमाप बिघडत नाही. गाडी खाली उतरवून चार हात पुढे ढकलायची, म्हणजे पाटे नीट बसतात. मग अ‍ॅक्सलच्या उंचीवर रेघेपासून रेघेपर्यंत टेप, आधी पुढून, मग मागून. टायर मोठे टाकले असतील तर मात्र पुस्तिकेतले मिलिमीटर तसेच वापरू नयेत. कोन तोच ठेवला तरी मोठ्या व्यासावर अंतर जास्त भरतं.

आता माझ्या आवडीचा कोन, कास्टर. किंगपिनचं वरचं टोक किंचित मागे झुकवलेलं असतं, त्या महायुद्धातल्या जीपमध्ये ३ अंश. या कललेल्या अक्षाची रेघ मनातल्या मनात खाली वाढवली तर टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे ती जमिनीला भिडते. चाकाची त्रिज्या ३५० मिलिमीटर आणि ३ अंशाचा टॅन ०.०५२, म्हणजे पुढे सुमारे १८ मिलिमीटर. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं आपल्या खुंटीमागे फरपटत जातं, तसं जीपचं चाक स्वतःच्या अक्षामागे १८ मिलिमीटर चालतं. वळणावर रस्ता टायरला आडवा रेटतो. हे बल अक्षाच्या मागे लागत असल्यामुळे चाक पुन्हा सरळ व्हायला बघतं. आडवं बल २००० न्यूटन धरलं तर परतवणारा पीळ ३६ न्यूटन-मीटर होतो. त्यात रबराची भर असते. जमिनीला टेकलेल्या पट्ट्यात रबर पुढच्या टोकाला कमी आणि मागच्या टोकाला जास्त पिळलं जातं, त्यामुळे आडव्या बलाचा मध्य आणखी मागे सरकतो. घसरण्याच्या बेतात आलेल्या टायरमध्ये हा मध्य पुन्हा पुढे येतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. निसरड्या घाटात ही सूचना ओळखता यायला हवी.

गाडी उंच करण्याच्या हौसेत नेमका हा कोन बळी पडतो. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणारा झुलता दुवा, पुढच्या टोकाला असलेल्या जीपला तिथे लांब शॅकल लावलं की पाट्याचं पुढचं टोक चॅसीच्या मानाने खाली जातं, अ‍ॅक्सल पुढच्या बाजूला झुकून फिरतो आणि किंगपिन उभा होतो. तीनाचा एक अंश झाला की १८ मिलिमीटरचे ६ उरतात. टो अगदी काटेकोर असला तरी गाडी भरकटणारच. आणि कागदावर हे बरेचदा दिसतही नाही, कारण कास्टर मोजायला चाकं डावी-उजवीकडे ठरावीक कोनात वळवून दोन्हीकडचा कॅम्बर बघावा लागतो. घाईच्या वेळी ही पायरी गाळली जाते. कागदावर कास्टरचा रकाना रिकामा असेल तर काय समजायचं ते समजा.

थरथरीचं कारण बहुधा तिसरंच असतं: टाय रॉडच्या (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकांना, स्टेअरिंग बॉक्सला, किंगपिनला आलेला प्ले, म्हणजे ढिलेपणा. एकाने इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग थोडं इकडे-तिकडे हलवावं, दुसऱ्याने गाडीखाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवावं. सैल सांधा बोटाला लगेच कळतो. तो बदलल्याशिवाय अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि रस्ता पाण्यासाठी कडेला उतरता असतो, तेव्हा थोडं डावीकडे जाणं हा दोषही नव्हे. तरी शंका असेल तर पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करावी. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा.

गेलेला कास्टर परत आणायला पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर बसवतात, दोन्ही बाजूंना सारख्याच अंशाची. पण किंगपिन मागे झुकवताना सगळा अ‍ॅक्सलच फिरतो, त्याबरोबर पुढच्या डिफरन्शिअलचं (अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) नाकही, जिथे इंजिनाची ताकद आणणारा प्रॉपेलर शाफ्ट जोडलेला असतो. त्या शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन बदलतो आणि फोर-बाय-फोर लावल्यावर नवीनच घरघर सुरू होऊ शकते. म्हणून पाचर दोनेक अंशांची असावी, आणि त्याहून जास्त लागत असेल तर शॅकल मूळ लांबीचं करावं.