स्ववापर सवलत (मालमत्ता कर)

घरमालक स्वतःच्या घरात राहत असेल, तर त्या घराच्या करआकारणीत महापालिकेने दिलेली सूट. महाराष्ट्रात हा शब्द प्रामुख्याने पुणे महापालिकेच्या 40 टक्के सवलतीसाठी वापरला जातो. ही सवलत मालकीला नसून वापराला आहे. खरेदीखत, इंडेक्स-2 (दस्त नोंदणीचा उतारा) किंवा कर्जाची कागदपत्रे यांवरून घर कोणाचे ते कळते, पण त्यात कोण राहते ते कळत नाही. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा हा फरक लक्षात न घेतल्यामुळे.

पुण्यात कर भाडेमूल्यावर आधारलेला आहे. क्षेत्रफळ आणि त्या भागाचा दर यांवरून वार्षिक भाडे काढतात, त्यातून देखभाल-दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कराचे दर लावतात. समजा वार्षिक भाडे 50,000 रुपये धरले. वजावटीनंतर 45,000 राहतात आणि स्ववापर सवलत लागू असल्यास करपात्र रक्कम 27,000 होते. सवलत गेली की आकारणी पुन्हा 45,000 वर येते, म्हणजे या रकमेवर बसणारा कर 40 नव्हे, सुमारे 67 टक्क्यांनी वाढतो. बिल अचानक ‘दीडपटीहून जास्त’ आले, या तक्रारीमागे अनेकदा एवढेच गणित असते.

ही सवलत 1970 पासून चालत आली होती. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर राज्य शासनाने ती रद्द ठरवली. त्यामुळे 1 एप्रिल 2019 पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती मिळेना आणि जीआयएस (संगणकीय नकाशांवर आधारित) सर्वेक्षणात ‘स्ववापर नाही’ अशी नोंद झालेल्या जुन्या मिळकतींचीही गेली. 2023 मध्ये शासनाने सवलत पुन्हा मान्य केली, मात्र वगळलेल्या मिळकतधारकांना ती आपोआप मिळाली नाही. त्यांना पीटी-3 हा अर्ज भरून द्यावा लागतो. ज्यांच्या बिलात सवलत आधीपासून दिसते, त्यांनी तो भरण्याची गरज नाही.

अर्जासोबत वापराचा पुरावा जोडतात. त्यात पहिला मान सोसायटीच्या पत्राला आहे. ‘सदनिकाधारक स्वतः निवासासाठी वापर करतात’ असे स्पष्ट वाक्य, सदनिका क्रमांक, सही आणि शिक्का त्यात हवा. ‘सभासद आहेत’ एवढेच लिहिलेले पत्र कामाचे नाही. त्याच पत्त्याचे मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका किंवा गॅस कार्डही चालते. महापालिका हद्दीत दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रत द्यावी लागते, कारण सवलत एकाच घराला मिळते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे (त्या भागाच्या कर निरीक्षकाकडे) देतात. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. अर्ज गहाळ झाला तर तीच एक वस्तू हाती राहते.

पडताळणीला निरीक्षक घरी येतो. घराला कुलूप दिसले किंवा शेजाऱ्याने ‘भाडेकरू आहेत’ असे सांगितले, तर शेरा तसाच पडतो. घर पूर्वी भाड्याने दिले होते आणि आता मालक राहायला आला, हा प्रकार विशेष अडतो. जुना नोंदणीकृत भाडेकरार संपल्याचे दाखवता आले पाहिजे. त्याहून सामान्य अडचण नावाची. सदनिका विकत घेतली, दस्त नोंदवला, पण कर आकारणी नोंदवहीत अजून बिल्डरचे किंवा आधीच्या मालकाचे नाव! दस्त नोंदणीने हे नाव बदलेलच असे धरून चालू नये. बिलावर जुनेच नाव असेल, तर आधी हस्तांतरणाचा अर्ज द्यावा आणि मग सवलतीचा. शेजारच्या दोन सदनिका भिंत काढून एक केल्या, तरी नोंदवहीत त्या दोन मिळकती राहू शकतात. त्यांचे एकत्रीकरण नोंदवले नसेल, तर दुसरीवरील सवलतीचा प्रश्न उभा राहतो.

अर्ज प्रलंबित आहे म्हणून बिल थकवणे महागात पडते. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) लागते. मंजुरी मिळाली की जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती होते. म्हणून नवे बिल आल्यावर केवळ एकूण आकडा न पाहता करपात्र रक्कम, वापराचा प्रकार आणि समायोजनाचा रकाना तपासावा.

मुंबईतील सूट वेगळ्या जातीची आहे, पण दोहोंची नेहमी गल्लत होते. तेथे कर भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्यावर नव्हे तर मालमत्तेच्या किमतीवर आहे. 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फूट (46.45 चौरस मीटर) किंवा त्याहून कमी चटई क्षेत्राच्या (घराच्या आतील वापरण्याजोग्या जागेच्या) निवासी सदनिका करमुक्त आहेत. मालक राहतो की भाडेकरू, यापेक्षा तेथे क्षेत्रफळ आणि निवासी वापर महत्त्वाचा. मर्यादा ओलांडली की पहिल्या 500 चौरस फुटांपुरतीही सूट मिळत नाही, पूर्ण क्षेत्रावर आकारणी होते. त्यामुळे या मर्यादेच्या आसपास घर असलेल्या मालकाने नोंदीतील आकडा चटई क्षेत्राचा आहे की भिंतींसह मोजलेल्या बांधीव क्षेत्राचा, हे मंजूर नकाशावरून पडताळावे.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी राज्याची स्वतंत्र करमाफी आहे. तीही एकाच निवासी मिळकतीला मिळते आणि तिच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते.