एलआर सिक्स, एसओ फोर: डोळ्याच्या नसांचे आकडे आले कुठून?

‘एलआर सिक्स, एसओ फोर, बाकी सगळं तीन’ हे घोकल्याशिवाय एमबीबीएसचं पहिलं वर्ष काही सरत नाही. डोळा बाहेरच्या बाजूला नेणारा लॅटरल रेक्टस (एलआर) हा स्नायू सहाव्या क्रेनियल नर्व्हवर, म्हणजे थेट मेंदूतून निघणाऱ्या नसेवर चालतो, सुपिरिअर ऑब्लिक (एसओ) चौथ्या, आणि डोळा फिरवणारे उरलेले चारही स्नायू तिसऱ्या. तोंडी परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण हे आकडे कुणी आणि कशावरून ठरवले, हे क्वचितच शिकवलं जातं.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन हा वैद्य माणसाचं शव फाडू शकत नव्हता. त्याची सगळी भिस्त माकडं आणि बैलांवर. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या त्याने सात जोड्या मोजल्या आणि डोळ्याची ऑप्टिक नर्व्ह पहिली धरली. ही नस आतून पोकळ असते, तिच्यातून मेंदूतला सूक्ष्म वायू डोळ्यात उतरतो आणि पाहण्याचं खरं काम भिंग करतं, असं त्याचं मत. आजच्या चौथ्या नसेला त्याच्या यादीत जागाच नव्हती. यात नवल नाही. ती सगळ्यात बारीक, आणि मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूने निघणारी ती एकटीच. बाकीच्या नसा पुढून आणि बाजूंनी निघत असताना मागे कोण बघायला जातो?

गेलनने आणखी एक गोष्ट नोंदवली: डोळा खोबणीत मागे ओढणारा सातवा स्नायू. बैलात तो असतो, माणसात नसतो. तरी 1543 मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसच्या ग्रंथात तो माणसाच्या डोळ्यामागे आलाच. ज्याने माणसाचं शरीर स्वतः फाडून गेलनच्या चुका भर वर्गात दाखवल्या, त्याच्याच चित्रात हा स्नायू आहे आणि भिंगही डोळ्याच्या ऐन मध्यावर आहे. सातवा स्नायू माणसात नाही, हे 1561 मध्ये फॅलोपियस या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने सांगितलं. सुपिरिअर ऑब्लिकची दोरी एका छोट्या कप्पीवरून वळून डोळ्याला लागते आणि त्या स्नायूची नस वेगळी आहे, हेही त्यानेच मांडलं.

भिंग मात्र मधोमध ठाण मांडून राहिलं होतं. त्यामागे केवळ गेलनची दहशत होती, असं मला वाटत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही तेवढीच जबाबदार होती. सुईने मोतीबिंदू ढकलून खाली पाडायचा, ही पद्धत रोमपासून आपल्याकडच्या सुश्रुतापर्यंत अनेक ठिकाणी होती. युरोपातल्या वैद्यांची समजूत अशी, की बुबुळाच्या मागे रिकामी जागा असते, तिथे एक रस गोठतो आणि तोच मोतीबिंदू. सुई तिथे फिरते, रोग्याला थोडंफार दिसू लागतं, म्हणजे जागा असणारच! मग भिंग मागे सरकवणं आलंच, कारण दृष्टीच्या मूळ अवयवालाच सुई लावून चालणार नव्हती. अखेर 1705 मध्ये ब्रिसो या फ्रेंच वैद्याने एका मृत सैनिकाच्या डोळ्यातला मोतीबिंदू सुईने पाडला, मग तो डोळा उघडून पाहिला. पडलं होतं ते गढूळ झालेलं भिंगच. पॅरिसच्या अकादमीला हे पटायला आणखी काही वर्षं गेली.

तोवर भिंगाचं महत्त्व तसंही उतरलं होतं. 1583 मध्ये बाझेलच्या फेलिक्स प्लॅटरने पाहण्याचं काम रेटिनाकडे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याकडे दिलं, आणि त्याचाच आधार घेऊन केप्लरने 1604 मध्ये प्रतिमा रेटिनावर उलटी पडते हे गणिताने दाखवलं. शायनर या जेसुइट पाद्र्याने जनावराच्या डोळ्याचं मागचं आवरण खरवडून ती उलटी प्रतिमा प्रत्यक्ष पाहिली. 1619 च्या त्याच्या आकृतीत ऑप्टिक नर्व्ह डोळ्याच्या बरोबर मागून न निघता नाकाच्या बाजूला सरकलेली आहे, जशी ती असते.

आकड्यांचं श्रेय जातं ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसला. पूर्वी मेंदू कवटीतच वरून काप काढत तपासत, त्यामुळे तळाशी पोहोचेपर्यंत नसांचा चिखल व्हायचा. विलिसने मेंदू अख्खा बाहेर काढून उलटा ठेवला आणि नसा पुढून मागे मोजल्या. 1664 च्या त्याच्या ग्रंथात नऊ जोड्या आहेत. चित्रं काढणाऱ्यांत वास्तुकार ख्रिस्तोफर रेनही होता. पहिल्या सहा जोड्यांचा क्रम आजही तोच आहे, त्यामुळे ‘सिक्स’ आणि ‘फोर’ दोन्ही विलिसचेच. झमरिंग या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने 1778 मध्ये पुढच्या जोड्या सुट्या करून बेरीज बारावर नेली.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत डोळ्याची पाच मंडलं (वर्तुळं) आणि सहा पटलं (थर) सांगितली आहेत, ‘दृष्टी’ म्हणजे डोळ्यातल्या पाहणाऱ्या भागाचा आकार मसुराच्या डाळीएवढा दिला आहे. शव पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात कुजवायचं आणि कुंच्याने एकेक थर घासत पाहायचं, ही तिथली पद्धत. हाडं आणि थर कळायला ती ठीक. केसासारखी चौथी नस त्यात टिकणं अवघडच. पुढे शवविच्छेदन मागे पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी रंगीत चित्रांसह करवून घेतल्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, पण ती चित्रं बाहेरून दिसणाऱ्या डोळ्याची. 1836 मध्ये कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवाला सुरी लावली, 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, आणि बारा नसांची यादी तयार स्वरूपात इथे पोहोचली.

हेल्महोल्ट्झच्या ऑप्थॅल्मोस्कोपमुळे 1851 पासून जिवंत माणसाच्या ऑप्टिक नर्व्हचं टोक बुबुळातून पाहता येऊ लागलं. हात बसवायला मात्र अजूनही खाटकाकडून आणलेला बोकडाचा डोळा लागतो. बाहुली आडवी, रेटिनामागे निळसर-हिरवा चकाकणारा पडदा, आणि मांस नीट सोलून काढलं नसेल तर नसेभोवती गेलनचा तो सातवा स्नायूही चिकटलेला असतो.