पहिला घोट तहानेचा

मेच्या उन्हातून पाच मित्र पुण्यातल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत शिरतात, तिथेच तयार झालेली गव्हाची बिअर मागवतात आणि पहिल्या घोटालाच दहापैकी नऊ गुण देऊन मोकळे होतात. त्या नऊ गुणांतला मोठा वाटा तहानेचा असतो. बिअर कशी आहे हे अजून कुणाला कळलेलंच नसतं.

आपल्या मेंदूत पेशींचा एक छोटा पुंजका रक्तातल्या क्षारांच्या प्रमाणावर सतत लक्ष ठेवून असतो. घाम गेला, क्षारांचं प्रमाण वाढलं की या पेशी जाग्या होतात आणि आपल्याला तहान लागते. प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात उतरायला बराच वेळ लागतो, पण तहान मात्र घशाखाली दोन घोट जाताच शमल्यासारखी वाटते. हे कसं होतं, ते २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. उंदीर पाणी प्यायला लागताच या पेशी शांत होत होत्या. रक्तात तोवर काहीच बदललेलं नव्हतं. आणखी नवल म्हणजे पाणी न देता तोंडात नुसता गारवा पोचवला, तरीही पेशींची हालचाल मंदावत होती. म्हणजे थंडगार घोटाचं सुख हे गारव्याचं आणि ओलाव्याचं सुख आहे. त्या क्षणी ग्लासात ताक असतं तरी त्याला नऊच गुण मिळाले असते.

म्हणून बसल्याबसल्या आधी साधं पाणी प्यावं, पोटभर. ते तब्येतीसाठीही गरजेचं आहे. लघवीवाटे जाणारं पाणी रोखून धरणारं संप्रेरक अल्कोहोलमुळे कमी स्रवतं, त्यामुळे तहान भागवण्याचं काम बिअरवर सोपवणं उन्हाळ्यात चुकीचंच.

दुसरा अडसर गारठ्याचा. ‘एकदम चिल्ड’ ही आपल्याकडची सवयीची मागणी. पण चवीचा संदेश मेंदूकडे पाठवण्याच्या साखळीत टीआरपीएम५ नावाचं एक प्रथिन असतं आणि तापमान उतरलं की त्याचं काम मंदावतं. गोडवा त्यामुळे दबतो. त्याहून मोठं नुकसान वासाचं होतं, कारण थंड द्रवातून सुगंधी रेणू हवेत फारसे उडतच नाहीत. आणि आपण ज्याला बिअरची चव म्हणतो, ती बरीचशी वासच असते. सर्दीत आमटी अळणी लागते ती याच कारणाने. घोट गिळताना घशामागून नाकात चढणारी हवा तिथल्या सुमारे चारशे प्रकारच्या गंधग्राहकांना भिडते. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी लावला. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. पडताळा टेबलावरच घेता येतो. नाक चिमटीत धरून घोट घ्या, गिळा आणि मग नाक सोडा. नाक बंद असताना जाणवतो तो किंचित गोडसर-कडसरपणा आणि जिभेवरची चुणचुण. बाकी सगळं नाक सोडल्यावर येतं.

ही चुणचुणही नुसत्या बुडबुड्यांची नसते. जिभेवर आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर (एन्झाइम) असतं. ते विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं आम्लात रूपांतर करतं. उंदरांमधला हा शोध २००९ मधला. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून हिमालयात जाणारे आपले ट्रेकर डायमॉक्सची गोळी घेतात. तीच गोळी हे विकर अडवते आणि त्या काळात बिअर किंवा सोडा एकदम मचूळ लागतो.

आता बिअरकडे येऊ. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हा ताजी, न गाळलेली, गढूळ पिवळी गव्हाची बिअर इथे नवलाईची होती. आज पुण्यात, मुंबईत, गोव्यात ती सहज मिळते आणि ती बनवणारे ब्रूअर जीव ओतून काम करतात. त्यांच्या कामाला ‘काय गार आहे!’ याच्या पलीकडची दाद मिळावी असं मला मनापासून वाटतं. दाद द्यायची तर बघायचं काय, ते ठाऊक हवं.

जर्मन पद्धतीच्या या बिअरला, म्हणजे हेफेवाइझनला, पिकल्या केळ्याचा वास येतो आणि मागून लवंगेचा. तिच्यात केळं घातलेलं नसतं, लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टने केलेले. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या रेणूचा आहे. खऱ्या केळ्यातही हाच रेणू मुख्य असतो, आणि मधमाश्या डंख मारल्यावर धोक्याचा इशारा म्हणून जो वास सोडतात त्यातही हाच. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करताना जोडीला असे सुगंधी एस्टरही तयार करतं. टाकीचं तापमान वाढलं की एस्टर साधारणपणे वाढतात. ही बिअर बहुधा १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबवतात. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना टाकी तिथेच रोखून धरायची, हे पुण्यातल्या ब्रूअरचं उन्हाळ्यातलं रोजचं काम. हात सैल सोडला की नाजूक केळ्याच्या जागी च्युइंगमसारखा भडक वास येतो, आणि आणखी चुकलं तर थिनरसारखा.

लवंगेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, आणि मला तीच जास्त आवडते. गव्हाच्या आणि बार्लीच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं. त्याला स्वतःला म्हणावा असा वास नाही. काही मोजक्या जातींच्या यीस्टकडे ते आम्ल मोडून ४-व्हिनाइल ग्वायकॉल तयार करण्याची क्षमता असते. लवंगेतल्या युजेनॉलशी या रेणूचं जवळचं नातं आहे, म्हणून वासही तसाच. बहुतेक बिअरमध्ये हा वास दोष मानला जातो आणि तो येऊ नये म्हणून यीस्टच तसं निवडतात. गव्हाच्या बिअरमध्ये तो नसेल तर बिअर अपुरी. तेव्हा गुण द्यायचेच असतील तर केळं आणि लवंग यांचा तोल कसा साधलाय, यावर द्यावेत.

हा तोल मसाला शेंगदाण्यांनी बिघडतो. मिरचीची आग जिथे जाणवते तो टीआरपीव्ही१ हा ग्राहक (रिसेप्टर) खरं तर उष्णतेसाठीचा आहे. एरवी तो साधारण ४२ अंशांच्या पुढे चेततो, पण अल्कोहोलच्या सान्निध्यात त्याची मर्यादा शरीराच्या तापमानाच्याही खाली येते. तिखट चखण्यावर बिअर प्यायली की आग वाढते ती यामुळे, आणि त्या आगीत लवंगेचा हलका वास कुणाला सापडणार? ओठांवरचं तेल फेसही मोडतं. फेसाचे पडदे धान्यातली प्रथिनं धरून ठेवतात आणि स्निग्ध पदार्थ त्यांना दूर सारतात. गुण लिहून होईपर्यंत पाव आणि पाणी पुरे. टेबलही सावलीतलं घ्यावं. उन्हात हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली, कडू द्रव्यं तुटून गंधकाचा असा रेणू तयार होतो, की लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला खुपतो.

तहान, गारठा आणि चखणा बाजूला काढले तरी एक गोष्ट उरतेच. ती म्हणजे मित्र.

डॅन अ‍ॅरिएली आणि जोनाथन लेव्हाव या संशोधकांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या एका ब्रुअरीत वेटरच्या वेशात चार प्रकारच्या बिअरचे छोटे ग्लास फुकट वाटले. काही टेबलांवर एकेकाने मोठ्याने आपली पसंती सांगायची होती, काहींवर कागदावर गुपचूप खूण करायची होती. मोठ्याने सांगणाऱ्यांनी दुसऱ्याने मागवलेली बिअर टाळून वेगळी मागवली आणि नंतर ती त्यांना कमी आवडली. अपवाद फक्त सर्वांत आधी बोलणाऱ्याचा. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात बिअरमध्ये बाल्समिक व्हिनेगरचे काही थेंब टाकले होते. आधी न सांगता चाखायला दिली तेव्हा पुष्कळांना ती साध्या बिअरपेक्षा बरी वाटली. व्हिनेगरचं आधीच सांगितलं तेव्हा पसंती घसरली, आणि चाखून झाल्यावर सांगितलं तेव्हा फारसा फरक पडला नाही. आधी कानावर पडलेलं वाक्य चवीत मिसळतं, नंतर पडलेलं मिसळत नाही. त्यामुळे टेबलावरच्या सर्वांत जाणकार मित्राने आधी गप्प बसावं. प्रत्येकाने गुण कागदावर लिहावेत आणि मगच तोंड उघडावं.

डोळेही असेच मध्ये येतात. फ्रान्समधल्या बोर्दो इथे केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग घातला, तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. कोकम आणि मीठ घातलेली गुलाबी बिअर समोर आली की हे आठवावं. तिच्यात कडवटपणा कमी लागतो त्याचं श्रेय मात्र रंगाला नाही, मिठाला. मिठातला सोडियम कडू चव दाबतो.

एवढं सांभाळूनही पाच जणांच्या मताला किती किंमत द्यायची? या प्रश्नाचं उत्तरही बिअरवाल्यांनीच शोधलं आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला बार्लीच्या मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचे होते. त्यातून १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याने जे गणित मांडलं, ते आज औषधांच्या चाचण्यांतही वापरतात. चाखण्यासाठी सोपी आहे ती १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये वापरात आलेली तीन ग्लासांची चाचणी. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तो बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. पाच मित्रांपैकी किमान चौघांनी अंदाजानेच बरोबर ओळखण्याची शक्यता २४३ मध्ये ११, म्हणजे सुमारे साडेचार टक्के. तेव्हा चौघांनी ओळखलं तर फरक बहुधा खरा आहे. तिघांनीच ओळखलं तर ‘ही बिअर त्या दुसरीपेक्षा कितीतरी सरस’ असं म्हणायला आधार नाही. ग्लास ५०–६० मिलिलिटरचे पुरतात, आणि चाचणी आधी उरकावी, कारण नंतर अल्कोहोलच परीक्षक होऊन बसतं.

मग त्या कागदावर आकड्याशेजारी दोन शब्द लिहून तो काउंटरवर ब्रूअरला द्यावा. साडेसात या आकड्याचं तो काही करू शकत नाही. पण पाचांपैकी चौघांनी ‘केळं भरपूर, लवंग जेमतेम’ असं लिहिलं असेल, तर पुढच्या बॅचला तो दळलेलं धान्य गरम पाण्यात ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवेल. त्या तापमानाला फेरुलिक आम्ल धान्यातून जास्त सुटतं.